भजन स्पर्धेचा छापील प्रवेश अर्ज वेबपेजवर कसा आणावा

विचारणा थोडक्यात अशी आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक मंडळ दरवर्षी भजन स्पर्धा घेतं. प्रवेश अर्ज ए-४ कागदावर पाठपोट छापलेला. मांडणी कोरलड्रॉमधली, अक्षरं श्रीलिपीची. पुढच्या बाजूला पथकाचं नाव, पत्ता, गट (पुरुष, महिला, बाल), पथकप्रमुखाचं नाव एकेका अक्षराच्या घरात, फोटोची चौकट. मागे १२ कलाकारांचा तक्ता, बँकेचा तपशील, हमीपत्र, सही-शिक्का आणि तळाला ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’. हा अर्ज जसाच्या तसा वेबपेजवर हवा, मोबाईलवरून भरता यावा आणि समितीला शेवटी कागदावरही मिळावा. पीडीएफ ठेवून भागेल का, की अर्जाच्या चित्रावर रकाने बसवावेत?

दोन्ही वाटा पटकन सुचतात आणि दोन्ही फसतात. का, ते आधी मोजून पाहू. ए-४ ची रुंदी २१० मिलीमीटर. ब्राउझर एका इंचाचे ९६ पिक्सेल धरतो, म्हणजे कागद साधारण ७९४ पिक्सेल रुंद झाला. साध्या अँड्रॉइड मोबाईलचा पडदा ब्राउझरच्या हिशेबाने ३६० पिक्सेल रुंद असतो. अख्खा कागद त्यात बसवायचा तर तो ४५ टक्क्यांवर येतो. कागदावरचा १० पॉइंटचा मजकूर तिथे ६ पिक्सेलचा होतो आणि ५ मिलीमीटरचं अक्षराचं घर साडेआठ पिक्सेलचं. बोट नेमकं टेकायला वेब सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं (डब्ल्यूसीएजी २.२) किमान २४ बाय २४ पिक्सेल मागतात, अँड्रॉइडची स्वतःची शिफारस ४८ ची आहे. साडेआठ पिक्सेलच्या घरात कोणाचंच बोट जात नाही. मग माणूस दोन बोटांनी पडदा मोठा करतो, रकाना दिसतो पण त्याचं शीर्षक पडद्याबाहेर जातं, आणि पखवाजवाल्याचं वय हार्मोनियमवाल्यासमोर पडतं.

चित्रावर रकाने बसवण्यात आणखी एक गोची आहे. शीर्षकं चित्रात गेली की स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला) ती वाचता येत नाहीत, ब्राउझरला ती भाषांतरित करता येत नाहीत, आणि कोणी मोबाईलवर अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर रकाने सरकतात, चित्र मात्र जागचं हलत नाही. वर प्रवेश शुल्क बदललं की दरवेळी नवं चित्र.

भरता येणाऱ्या पीडीएफचं दुखणं वेगळं. मोबाईलवरचे बरेच पीडीएफ दर्शक फक्त दाखवतात; रकाने भरून जपून ठेवणं प्रत्येकाला जमत नाही. रकान्याचा मूळ फॉन्ट बहुधा हेल्व्हेटिका असतो, त्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे टाईप केलेल्या नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. फॉन्ट आत घातला तरी जोडाक्षरं आणि वेलांटी नीट बसवणं दर्शकाच्या मर्जीवर. सगळं जमलं तरी भरलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि कोणीतरी ती बघून एक्सेलमध्ये पुन्हा टाईप करत बसतं. कागदाची बचत झाली, टायपिंग तेवढंच राहिलं. पीडीएफ ठेवाच, पण ज्यांना हाताने भरून आणायचा आहे त्यांच्यासाठी.

गूगल फॉर्म? पथकं ३०-४० असतील आणि यंदा घाई असेल तर बेलाशक वापरा, त्यात कमीपणा नाही. दोन अडचणी आधीच माहीत असू द्या: फाईल चढवायचा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं, आणि १२ कलाकारांचा तक्ता त्यात नीट होत नाही. त्यातला ग्रिड पर्याय निवडण्यापुरता आहे, नाव-वय लिहायला नाही. पुढचं सगळं स्वतःच्या पानावर अर्ज करणाऱ्यांसाठी.

आता कामाचा पहिला टप्पा, आणि तो संगणकावर नाही. मागच्या २-३ वर्षांचे भरलेले अर्ज काढा. त्यातले पाच-सहा अस्ताव्यस्त भरलेले निवडा, विशेषतः ज्यांच्या समासात लोकांनी काहीतरी लिहिलंय असे. ‘आमचा हार्मोनियमवाला दुसऱ्या पथकातही आहे, चालेल का’, ‘संध्याकाळी ७ नंतरच येऊ शकतो’, ‘फोन मुलाचा आहे’ हे सगळं समासातच सापडतं. छापील अर्जाने जे विचारायचं राहून गेलं ते तिथे आहे. मग अर्जातला प्रत्येक रकाना घेऊन विचारा: हा कोण वाचतो, कधी वाचतो, रिकामा असला तर काय अडतं?

या चाळणीत निम्मा अर्ज गळतो. ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ पानावर नको. ती समितीच्या बाजूची नोंद, तिथेच राहू दे. ‘दिनांक’ आणि ‘स्थळ’ कागदावर सहीसोबत लागतात. वेबवर दिनांक सर्व्हर स्वतः नोंदवतो, स्थळाचं तर कोणाला काही करायचंच नसतं. ‘अनु. क्र.’ आपोआप पडतो. ‘जे लागू नसेल ते खोडा’ याचे दोन-तीन गोल पर्याय करा. आधार क्रमांक मागितला असेल तर तो काढाच. भजन स्पर्धेला त्याचं काम नाही आणि तो सांभाळण्याची जबाबदारी मात्र मंडळावर येते. बँकेचा तपशीलही काढा असंच मी सांगेन. बक्षीस मिळतं तीन-चार पथकांना. साठ पथकांचे खाते क्रमांक कशाला गोळा करायचे? निकालानंतर विजेत्यांना वेगळं छोटं पान पाठवा. कागदावर ते पुढेच मागावं लागायचं, कारण पुन्हा कागद पाठवणं महाग होतं. वेबवर ती अडचण राहिलेली नाही. (त्या छोट्या पानावर एक ध्यानात ठेवा: आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाईप करतात. चूक दाखवत बसण्यापेक्षा तो ‘ओ’ गुपचूप शून्य करून घ्या.)

शब्द उरले. कोरलड्रॉमधून श्रीलिपीचा मजकूर कॉपी करून पेजवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ते फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी तुकडे बसवलेले आहेत. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण दोन पानांच्या अर्जासाठी सरळ पुन्हा टाईप करणंच लवकर होतं. छपाईवाल्याने मजकुराचे कर्व्ह (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या) करून दिले असतील तर दुसरा इलाजही नाही. रूपांतरच केलंत तर तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा: रफार चुकीच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी एक अक्षर मागेपुढे होते, आणि ‘कार्यकर्त्या’ मधला रफार व ‘करणाऱ्या’ मधला ‘ऱ्या’ यातला फरक पुसला जातो. ‘ऱ्या’ दोन प्रकारांनी टाईप होतो. ‘ॲ’ सुद्धा एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. ‘ॲन्थनी’ शोधला आणि सापडला नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. जपून ठेवण्याआधी सगळं एकाच रूपात बदलून घ्या.

पानाच्या मुळात भाषा मराठी असल्याचं नमूद करा, म्हणजे एचटीएमएल खुणेतल्या लँग गुणधर्माला ‘एमआर’ (lang="mr"). हे शोभेसाठी नाही. नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ती खूण पाहून ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. शिवाय स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, त्यामुळे छापील अर्जांत ‘नाव / नांव / नेम’ अशी तीन भाषांची शीर्षकं तिरप्या रेघांनी जोडलेली बऱ्याचदा दिसतात. मोबाईलवर अशी शीर्षकं दोन ओळी खातात आणि वाचणाराला कुठल्याच भाषेत सलग वाचता येत नाही. वर भाषा निवडायचं बटण ठेवा, एका वेळी एकच भाषा दाखवा.

छपाईची एक सवय वेबवर घात करते: शीर्षक भरून दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवणं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्यच ठेवा. उठाव हवा तर आकार वाढवा. ओळींमधलं अंतर मात्र १.६ पट तरी द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकींत घुसतात. रकान्यातल्या अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी नको. कमी असला की आयफोनवर रकान्याला हात लावताच पान आपोआप मोठं होतं आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं.

आता नाव. या एका रकान्यावर थोडं थांबायलाच हवं, कारण सगळ्यांत जास्त अर्ज इथे अडतात.

छापील अर्जात एकेका अक्षराची घरं असतात ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, हस्ताक्षर लागावं म्हणून. टाईप केलेल्या नावाला हस्ताक्षराचा प्रश्न नाही, म्हणून घरं रद्द. पण बरेच जण घरांची संख्या तेवढी उचलतात आणि रकान्याला ‘कमाल २० अक्षरं’ अशी मर्यादा घालतात. कागदावर ‘श्रीकृष्ण प्रभुदेसाई’ हे नाव मधली रिकामी जागा धरून ९ घरांत मावतं. ब्राउझर मात्र प्रत्येक व्यंजन, हलन्त, मात्रा वेगळी मोजतो. त्याच्या हिशेबाने तेच नाव २० आहे. वडिलांचं नाव लिहायला घेतलं की कळफलक गप्प होतो आणि भरणाऱ्याला कारणही कळत नाही. मर्यादा १५० ठेवा आणि विसरून जा.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘नाव, वडिलांचे/पतीचे नाव, आडनाव’ ही त्रिस्थळी. गोव्यात ती सर्रास मोडते. प्रभू देसाई, शेट तानावडे अशी दोन शब्दांची आडनावं आहेत. ख्रिस्ती नावांत मधलं नाव वडिलांचं असेलच असं नाही. डिसोझा रोमन लिपीत लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो, आणि आयफोन तो सरळ चिन्हाऐवजी वळणदार उमटवतो. तपासणीत फक्त सरळ चिन्हाला परवानगी असेल तर माणसाचं स्वतःचं आडनावच ‘अवैध’ ठरतं. नावात काय चालतं याची तपासणीच करू नका, रिकामं नाही एवढंच बघा. डेटाबेसची काळजी असेल तर ती क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) पॅरामीटर वापरून, म्हणजे भरलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवून घ्यायची असते, लोकांच्या नावातली चिन्हं उडवून नाही. आणि रकाना एकच ठेवा: ‘पूर्ण नाव – प्रमाणपत्रावर जसं छापायचं तसं’. या एका ओळीने नंतरचे निम्मे फोन वाचतात.

पत्त्यात ‘गल्ली’ किंवा ‘रस्ता’ असा रकाना सक्तीचा असेल तर तो दुसरीकडच्या शहरी अर्जावरून उचललेला समजा. इथे घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिन असं चालतं. घर क्रमांक हा अंक नाही. त्यात तिरपी रेघ असते, अक्षर असतं, कधी ‘जवळ’ म्हणून देऊळ किंवा चॅपेल असतं. साधा मजकुराचा रकाना द्या. तालुका मात्र यादीतून निवडू द्या आणि गावासोबत तो सक्तीचा करा: केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. नुसतं ‘मु. पो. केरी’ वाचून पथकाला कुठल्या दिवशी बोलवायचं ते ठरत नाही. जुन्या छापील साच्यावरून यादी घेत असाल तर मोजून बघा. धारबांदोडा तालुका २०११ मध्ये झाला. त्याआधीच्या साच्यात ११ च सापडतील. यादी कोडमध्ये कोरून ठेवण्याऐवजी वेगळ्या फाईलीत ठेवा आणि डेटाबेसात नावाऐवजी संकेत साठवा, म्हणजे एकाच तालुक्याची दोन नावं (डिचोली आणि बिचोलिम, सासष्टी आणि साल्सेत) एकाच खात्यात पडतील. पिन गोव्यात ४०३ ने सुरू होतो, पण तेवढीच सक्ती करू नका. बांदा-सावंतवाडीकडचं पथक आलं तर त्याला नियमाने अडवा, पिनने नको.

अंकांचे रकाने हा पुढचा खड्डा. मोबाईल, पिन, वय यांसाठी ‘नंबर’ प्रकारचा इनपुट घेण्याचा मोह होतो. तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कळफलकावरून कोणी ‘९८’ टाईप केलं की काही ब्राउझर ते उमटवतच नाहीत, काही उमटवून रिकामं पाठवतात. शिवाय पुढचं शून्य गळू शकतं आणि संगणकावर माऊसचं चाक फिरलं की आकडा बदलतो. साधा टेक्स्ट प्रकार घ्या आणि इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ ठेवा. मोबाईलवर अंकांचा कळफलक येतो, काम झालं. सर्व्हरवर आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदला, मग मोकळ्या जागा, आडव्या रेघा आणि पुढचं ‘+९१’ काढा, मगच १० अंक आहेत का आणि पहिला ६ ते ९ मधला आहे का ते तपासा. हा क्रम महत्त्वाचा. जावास्क्रिप्टमधली ‘कुठलाही अंक’ अशी तपासणीची खूण (\d) देवनागरी अंक ओळखत नाही, पायथनमधली ओळखते. त्यामुळे ब्राउझरने नाकारलेलं सर्व्हर स्वीकारतो असा विचित्र प्रकार होऊ शकतो.

बालगटासाठी वय विचारायचं की जन्मतारीख? नियमात ‘अमुक तारखेला १५ वर्षं पूर्ण नसावीत’ असं असेल तर जन्मतारीखच घ्या आणि वय तुम्ही काढा. त्यासाठी कॅलेंडर उघडणारा रकाना नको. त्यात २०१२ पर्यंत मागे जाताना लोक चालू महिन्यातच अडकतात. दिवस, महिना, वर्ष असे तीन छोटे रकाने द्या, मधे महिन्याचं नाव निवडू द्या. म्हणजे ५/३ हा मार्च की मे, हा वादच उरत नाही.

१२ कलाकारांचा तक्ता. कागदावर पाच स्तंभ सुखाने मावतात. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर कडेची जागा सोडली की एका स्तंभाला जेमतेम ६५ पिक्सेल. त्यात ‘हार्मोनियम’ हा शब्दही धड दिसत नाही. तक्ता आडवा सरकवायला लावणं वाईटच. त्याऐवजी एकेका कलाकाराचं कार्ड करा: नाव, जन्मतारीख (फक्त बालगटात), काम. खाली ‘आणखी एक कलाकार जोडा’ हे बटण. काम निवडायला ठेवा: मुख्य गायक, हार्मोनियम, पखवाज, झांज, साथ, आणि शेवटी ‘इतर’ सोबत लिहायची जागा. सुरुवातीला बारा रिकामी कार्डं दाखवू नका. नियमात किमान जितके तितकीच उघडी ठेवा. प्रत्येक कार्ड फील्डसेटमध्ये (रकाने एकत्र बांधणाऱ्या खुणेत) आणि त्याला ‘कलाकार ३’ असं लीजंड, म्हणजे शीर्षक, म्हणजे न पाहता ऐकणाऱ्यालाही आपण कुणाचं नाव भरतोय ते कळतं. कार्ड काढून टाकायचं बटण देताना अनुक्रम पुन्हा लावायला विसरू नका; तिसरं काढल्यावर १, २, ४ असं राहिलं आणि सर्व्हर क्रमाने वाचत असेल तर चौथा कलाकार हरवतो.

तक्त्यातला ‘सही’ हा स्तंभ काढताना समितीत चर्चा होणार, तयारी ठेवा. बाराही जणांच्या सह्या कागदावर तरी कोण तपासत होतं? पथकप्रमुखाने ‘सर्व कलाकारांच्या संमतीने अर्ज करीत आहे’ या वाक्यासमोर खूण करावी, एवढं स्पर्धेला पुरतं. खूण आधीच केलेली नको, आणि हमीपत्राचा मजकूर तिथेच पूर्ण दिसू द्या. बालगटात १८ वर्षांखालची मुलं येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. सोपा मार्ग: पालकांच्या सहीचं एक छापील पान अर्ज भरण्याआधी करून घ्यायला आणि स्पर्धेच्या दिवशी आणायला सांगा. देवस्थान समितीचा किंवा पंचायतीचा शिक्का खरोखर लागत असेल तर तोही त्याच पानावर. वेबपेजवर शिक्क्याची नक्कल करायच्या भानगडीत पडू नका.

फोटो. मोबाईलचा फोटो सहज ३ ते ५ एमबी असतो. पीएचपीमध्ये एका फाईलची मूळ मर्यादा २ एमबी आणि अख्ख्या अर्जाची ८ एमबी असते. फाईल पहिल्या मर्यादेपेक्षा मोठी असली तर तेवढी फाईल येत नाही. पण अर्ज दुसरी मर्यादा ओलांडतो तेव्हा सगळाच मजकूर रिकामा पोचतो, आणि भरणाऱ्याला ‘पथकाचं नाव लिहा’ अशी बारा-पंधरा लाल वाक्यं दिसतात, सगळं भरलेलं असूनही. हे कोडं सुटायला लोकांचा अख्खा दिवस जातो. ब्राउझरमध्येच फोटो १२०० पिक्सेलपर्यंत लहान करून पाठवा आणि सर्व्हरच्या मर्यादाही वाढवा. स्वीकारायच्या प्रकारांत जेपेग लिहा, म्हणजे आयफोन हेइक या स्वतःच्या फोटो-प्रकाराऐवजी जेपेग देतो. फोटो आडवा दिसत असेल तर त्यातली दिशेची खूण वाचून तो सरळ करून ठेवा. आणि प्रत्येक कलाकाराचा फोटो खरंच हवा का, ते परत विचारा. पथकाचा एक पुरतो.

चुका दाखवताना ब्राउझरची तयार वाक्यं बंद करा (नोव्हॅलिडेट). ती ब्राउझरच्या भाषेत येतात, म्हणजे बहुतेकांना इंग्रजीत. तुमचं वाक्य रकान्याच्या अगदी वर, आणि काय करायचं ते सांगणारं: ‘मोबाईल क्रमांक १० अंकी हवा, ९ अंक आले आहेत’. ‘अवैध माहिती’ वाचून कोणाला काय करायचं ते कळणार? चूक असो नसो, भरलेलं काहीही पुसलं जाता कामा नये. पावसाळ्यात सत्तरी-सांग्याच्या आतल्या गावांत नेटवर्क जातं, वीज जाते. म्हणून भरत असताना मजकूर त्याच मोबाईलवर लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) जपून ठेवा आणि अर्ज पोचल्यावर पुसा. उत्तर यायला उशीर झाला की लोक बटण दोनदा, चारदा दाबतात. अर्ज उघडतानाच एक गुप्त क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद करू नका, पहिलीच पावती दाखवा.

पावतीला अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात, ‘याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा’ या सूचनेसह. एसएमएस पाठवायचा असेल तर मराठीत एका संदेशात ७० च अक्षरं मावतात (तीही मात्रा-हलन्त धरून), त्यापुढे जोडसंदेशात ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे तितक्या पट. शिवाय पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी नोंदणी (मोबाईल कंपन्यांकडची, व्यावसायिक एसएमएससाठीची) लागते. लहान मंडळाने त्यात पडू नये.

‘अंतिम तारीख, सायं. ५ वाजेपर्यंत’ हे वाक्य कागदावर निरुपद्रवी असतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल आणि कोडमध्ये नुसतं १७ लिहिलं असेल तर अर्ज रात्री साडेदहाला बंद होतो. कालक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट लिहा. पाच वाजता ज्याचा अर्ध्यावर आलाय त्याला १५ मिनिटं जास्त द्यायची की नाही ते समितीने आधी ठरवावं, फोन आल्यावर नाही.

आता समितीचा कागद. जुन्या अर्जाचा चेहरा इथे कामी येतो: छापून निघणारं पान त्याच मांडणीचं करा, तेच मथळे, तोच क्रम, तक्त्यासकट. परीक्षकांना आणि कार्यवाहांना ओळखीचं दिसतं आणि ‘जसाच्या तसा’ हा हट्ट योग्य जागी पुरवला जातो. त्यासाठी वेगळी प्रिंट सीएसएस (फक्त छपाईला लागू होणारी मांडणी) लिहा, पानाचा आकार ए-४, समास १२-१५ मिलीमीटर, आणि तक्त्याची ओळ दोन पानांत तुटू नये याची सूचना. आपोआप पीडीएफ बनवायची असेल तर साधन जपून निवडा. एफपीडीएफ, टीसीपीडीएफ, डॉमपीडीएफ ही पीएचपीतली साधनं देवनागरीची जुळणी नीट करत नाहीत. वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. एमपीडीएफला भारतीय लिप्या जमतात. वीझीप्रिंट किंवा पडद्याविना चालवलेलं क्रोम सर्वांत बिनघोर. चाचणीला ‘शक्तिप्रदर्शन, दुर्गाष्टमी, कीर्तनकाऱ्यांच्या, श्रीकृष्ण’ एवढे शब्द छापून बघा. ते नीट आले की बाकीचं येतं.

एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी फाईल) देताना फाईलीच्या सुरुवातीला युटीएफ-८ ची खूण (बॉम) घाला, नाहीतर दुहेरी टिचकीने उघडल्यावर मराठीचा कचरा होतो. घर क्रमांक ‘५/२’ असला तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो, आणि १५ अंकांपेक्षा लांब आकड्याच्या शेवटी शून्यं भरतो. खाते क्रमांक याच वाटेने बिघडतात. म्हणून सीएसव्हीऐवजी थेट एक्सेल फाईल बनवून हे स्तंभ ‘मजकूर’ प्रकारचे ठेवलेले बरे.

पान लोकांसमोर ठेवण्याआधी ते समासातल्या खरडींचे पाच-सहा अर्ज घ्या आणि मंडळातल्या साठीपुढच्या दोघांना स्वतःच्या मोबाईलवरून, मराठी कळफलकाने, अक्षर मोठं केलेल्या पडद्यावर ते भरायला द्या. मदत करू नका, फक्त कुठे थांबतात ते टिपा. समासातलं प्रत्येक वाक्य लिहायला जागा सापडली पाहिजे; नाही सापडली तर शेवटी ‘आणखी काही कळवायचं आहे का?’ असा एक मोकळा रकाना जोडा.

छापील अर्ज पहिली दोन वर्षं तरी बंद करू नका. मात्र कागदावर आलेला अर्ज कार्यालयातल्या माणसाने त्याच वेबपेजवर भरायचा, फक्त समितीला दिसणाऱ्या एका खुणेसह: ‘कागदावरून’. अर्ज क्रमांकांची मालिका एकच राहते, यादी एकच राहते, आणि स्पर्धेच्या सकाळी मंडपात दोन वेगळ्या याद्या जुळवत बसावं लागत नाही.